भुवडदादांनी चौदा माणसं खाली उतरवली

भुवडदादांना नोकरीवरून काढल्याचं लेटर मी टाइप केलं होतं.

आज पहाटे ते गेले. गुहागरजवळच्या त्यांच्या गावी. त्यांच्या मुलीचा फोन आला.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. आज सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कुवेतला होतो. नवरा ऑइलमध्ये, आणि मी तिथल्या अर्दिया भागात एका कन्स्ट्रक्शन कंपनीच्या साइट ऑफिसात सेक्रेटरी. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक पोर्टाकॅबिन. समोर मोठ्या गोडाऊनचं काम चालू.

शांताराम भुवड तिथे फोरमन. पन्नाशीचे, काटक. मला ताई म्हणायचे. छतावर पत्रे बसवणारी चौदा माणसं त्यांच्या हाताखाली.

वर चढण्याआधी प्रत्येकाचा सेफ्टी बेल्ट स्वतः ओढून बघायचे. माणसं वैतागायची. हे ओढायचेच.

मार्चअखेरची सकाळ. दहाच्या सुमारास कन्सल्टंटच्या ऑफिसातून फॅक्स आला.

दुपारपर्यंत धुळीचं मोठं वादळ येणार. उंचीवरचं सगळं काम ताबडतोब बंद करा.

मी धावत जाऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब भारतातलेच. त्यांनी वाचला आणि फाइलखाली सरकवला.

"सर, माणसं वर आहेत." हे मी हिंदीत म्हटलं.

"कल इन्स्पेक्शन है. आज शीट्स खतम होने चाहिए. लंच के बाद देखेंगे."

लंच के बाद! वादळ काय यांच्या टाइमटेबलवर चालणार होतं?

बाहेर आले तर भुवडदादा कूलरपाशी पाणी पीत उभे. माझा चेहरा बघून म्हणाले, "ताई, काय झालां?"

मी सांगितलं.

त्यांनी पश्चिमेला, जहरा गावाच्या बाजूला बघितलं. तिकडे आभाळाच्या कडेला एक मातकट रेघ होती. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मला दिसली.

पेला तसाच ठेवून त्यांनी शिट्टी फुंकली.

"सब नीचे! अभी के अभी! शीट छोडो, नीचे आओ!"

साहेब तावातावाने बाहेर आले. "किसने बोला काम रोकने को?"

"मी बोललो." सरळ मराठीत.

"वापस भेजो सबको!"

"मानसां खाली येऊ देत साहेब. मग काय ता बोला."

मागच्या बाजूला सिमेंट ब्लॉकची एक पक्की खोली होती. सगळ्यांना त्यात कोंबलं. मलाही. आणि हो, साहेबही आत आले.

दादांनी एकेकाचं नाव घेऊन मोजलं. तेरा.

रफीक नव्हता. त्याचा गुडघा दुखरा, तो शिडीवरून हळूहळू उतरत होता. दादा परत बाहेर गेले. तोवर वारा सुटला होता. त्याला खांद्यावर घेऊनच आले, आणि दार ओढलं तसा बाहेर अंधार झाला.

अर्धा तास आम्ही नुसते पत्रे उडाल्याचे आवाज ऐकत होतो.

बाहेर आलो तेव्हा एका बाजूचं सगळं स्कॅफोल्डिंग आडवं झालेलं. एक पत्रा पिकअपच्या टपात अर्धा घुसलेला.

चौदा माणसांपैकी एकालाही खरचटलं नव्हतं.

आणि हेच दादांच्या अंगावर आलं. कारण माणसं धडधाकट, म्हणजे चौकशी कशाची? मोडलेल्या मालाची.

हेड ऑफिसची माणसं आली. पत्र्यांचे फोटो काढले. पत्रे न बांधता, परवानगी न घेता काम कुणी सोडलं?

वॉर्निंग आली होती का?

"नहीं," साहेब म्हणाले. "कोई फॅक्स नहीं आया."

त्याआधी त्यांनी मला आत बोलावून शांतपणे विचारलं होतं, "आप तो हसबंड के वीजा पर हो ना?"

मी नवऱ्याच्याच व्हिसावर होते. तिथे काम करायची मला परवानगीच नव्हती. हे ठाऊक असूनच त्यांनी मला ठेवलं होतं.

चौकशीत फॅक्सबद्दल मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला आठवत नाही."

मग ते लेटर माझ्याकडेच टाइपला आलं. विनापरवानगी काम थांबवणे. कंपनीच्या मालाचं नुकसान. आठवड्यात व्हिसा कॅन्सल.

दादा कंपनीत जमा असलेला पासपोर्ट घ्यायला आले तेव्हा मला रडू फुटलं.

"रडू नका ताई. तुमची पोर ल्हान हाय," म्हणाले.

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या वर्षी आमच्या साइटला सेफ्टीचं सर्टिफिकेट मिळालं. शून्य अपघात! साहेबांनी ते फ्रेम करून खुर्चीच्या मागे लावलं. रोज त्याच्यासमोर उभी राहून मी डिक्टेशन घ्यायची.

आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

माणसांना वर चढवायचा अधिकार ज्याचा, त्यांना वेळेत खाली आणायचं काम त्याचंच ना? त्यासाठी शौर्य लागत नव्हतं. हातातला कागद वाचून एक हाक मारायची होती. ती एका फोरमनला मारावी लागली, आणि त्याची शिक्षा त्यालाच.

साहेबांवर राग आहेच. माझ्यावर जास्त आहे.

काही वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. तोवर कुवेत सोडलेल्या रफीककडून नंबर मिळवून मी गुहागरला फोन लावला.

"दादा, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "थितं आता फोरमन कोन हाय?"

मला माहीत नव्हतं.

"इचारून घ्या ताई. वाऱ्याचे दिवस आलेत."

मी विचारलं नाही. कुणाला विचारायचं, हेच मला कळेना.

भुवडदादा, फॅक्स आला होता. तुमचं बरोबर होतं. चौकशीच्या खोलीत म्हणायचं वाक्य आज इथे लिहितेय, फार उशिरा.

तुम्हाला मनापासून नमस्कार. आणि माफी.