जुन्या नोंदी

ऑफिसात सगळेच तिला वहिनी म्हणायचे. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी संस्था होती, तिची वेबसाइट वहिनी सांभाळायची. मूळची टायपिस्ट, कोड तिच्या डोक्यावरून जायचा. म्हणून प्रोग्रामर असलेल्या धाकट्या दिराने तिला एडिटर बसवून दिला होता. पान जसंच्या तसं समोर दिसायचं, त्यातच मजकूर बदलायचा आणि सेव्ह करायचं.

एकच कटकट होती. वर्षापूर्वीच्या नोंदी एक स्क्रिप्ट, म्हणजे पानातलाच छोटा प्रोग्राम, पानावरून काढून ठेवायची आणि ‘जुन्या नोंदी’ हे बटण दाबलं की परत आणायची. एडिटरमध्ये मात्र स्क्रिप्ट बंद असायची, त्यामुळे शेकडो चेहरे एकाखाली एक पसरायचे. एक फोन नंबर दुरुस्त करायचा तरी वहिनी खाली सरकून सरकून वैतागायची. लोकांना दिसतं तसंच मला दिसू दे, म्हणून ती दिराच्या मागेच लागली. एडिटरमध्ये स्क्रिप्ट चालू देणं बरं नाही, असं तो पुटपुटला, पण वहिनीचा शब्द त्याला मोडवेना.

पान आटोपशीर झालं. वहिनी खुशीत कामं उरकू लागली.

काही महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. त्यांचा फोन बरेच दिवस बंद पडला होता. नवा घेतला, तर पानावर त्यांचा हरवलेला मुलगा दिसेना. बटण दाबायचं राहिलं असेल, म्हणून वहिनीने स्वतः दाबलं. काहीच आलं नाही.

दिराने येऊन पाहिलं. एडिटरमध्ये स्क्रिप्टने जुन्या नोंदी काढून ठेवल्या होत्या आणि वहिनीने सेव्ह करताना समोर उरलं होतं तेवढंच सेव्ह झालं होतं. जुने बॅकअपही केव्हाच पुसले गेले होते.

“परत आणता येईल ना रे?”

“नाही वहिनी.”

मग ती आठवतील त्या घरांना फोन करत बसली. काही नंबर लागेनात. जे लागले, तिथे संस्थेचं नाव ऐकताच पलीकडून विचारलं जायचं, “सापडला का?” नाही म्हणून ती फोटो आणि माहिती पुन्हा मागायची.

म्हाताऱ्यांकडचा मुलाचा एकमेव फोटो जुन्या फोनबरोबर गेला होता. ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. उंच, सावळा, डाव्या भुवईवर व्रण. मग ते थांबले. “डाव्या का उजव्या? तुमच्याकडे फोटो आहे म्हणून मी निश्चिंत होतो.”

वहिनीने ‘डाव्या’ खोडलं. नुसतं ‘भुवईवर व्रण’ ठेवलं आणि सेव्ह केलं.