सोळाव्या नळीतले डास

आमच्या वरच्या मजल्यावरची थोरली सून आरोग्य खात्यात डास पकडते. बावीस वर्षं पकडते आहे. सकाळी लोकांच्या घरात जायचं, पलंगाखाली किंवा टांगलेल्या कपड्यांमागे बसलेल्या डासाजवळ काचेची नळी न्यायची आणि तिला जोडलेल्या रबरी नळीतून हलकेच श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते, म्हणून डास तोंडात न जाता काचेत अडकतो. मग ऑफिसात बर्फाच्या लादीवर ते गारठवून भिंगाखाली जातवारी लावायची, पंचवीस-पंचवीस माद्या एकेका छोट्या नळीत भरायच्या आणि वर चिठ्ठी चिकटवायची: जागा, तारीख, सही. पायांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ती डासाची जात सांगते, मी शाळेत वहीतल्या अक्षरावरून मूल ओळखायचे तशी.

खात्यात तिला डासवाली म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण तापाची साथ आली की मोठे साहेब सगळ्यांदेखत तिलाच विचारायचे, उद्या फवारणीची गाडी कुठे पाठवायची? तो एक प्रश्न म्हणजे तिची बावीस वर्षांची मिळकत होती.

मग तिची धाकटी जाऊ त्याच खात्यात लागली. सोबत मुठीत मावेल एवढं एक यंत्र आलं. ते विषाणूचा जनुकक्रम अक्षर-अक्षर वाचतं. मला थोरलीने ते समजावलं तेव्हा वर्गातल्या उत्तरपत्रिका आठवल्या. दोन मुलांच्या उत्तरात तीच विचित्र चूक दिसली की कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते कळायचं. विषाणूही स्वतःची नक्कल करताना बारीक चुका करतो. दोन रोग्यांच्या विषाणूंत त्याच चुका दिसल्या, तर ताप एकाच ठिकाणाहून आला असं धरता येतं.

साहेबांचा प्रश्न आता धाकटीला जाऊ लागला. घरीही तेच. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "धाकटी विषाणूची वंशावळ काढते." आणि थोरली? "ती डास पकडते." एवढं बोलून त्या चहाचे कप गोळा करायला लागत. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. ती बारीकसारीक हिशेब ठेवू लागली, सासूबाईंनी आधी कोणाला हाक मारली, साहेब कोणाच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबले. धाकटी गोड बोलायची, ताई-ताई करायची, हे तर तिला मुळीच सहन होत नसे. "भांडली असती तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "चांगल्या माणसाचा राग धरायला फार मेहनत लागते हो, बाई."

यंदा गोदामांजवळच्या गल्ल्यांत ताप पसरला. थोड्या दिवसांनी टेकडीवरच्या वसाहतीतही रोगी निघाले. थोरलीचं मत पडलं की गोदामाकडचाच ताप टेकडीवर चढलाय. धाकटीने रोग्यांच्या रक्तातले विषाणू वाचून सांगितलं, हे दोन वेगळे ताप आहेत. टेकडीवरचा बाहेरून आलेला दिसतो. टेकडीवर रोगी मोजके, गोदामाकडे रोज नवे. म्हणून फवारणीची सगळी माणसं गोदामाकडेच ठेवा. खात्री करायला तिने दोन्हीकडचे डास मागितले.

थोरलीने सोळा नळ्या भरल्या. सोळाव्या नळीत तिने गोदामाकडचे डास घातले आणि चिठ्ठीवर लिहिलं: टेकडी. यंत्र एवढं हुशार असेल तर ओळखेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मी उभा जन्म परीक्षा घेतल्या. परीक्षा घेणं वेगळं आणि पाय ओढणं वेगळं, हे तिलाही कळत होतं.

दोन दिवसांनी दुपारी धाकटी तिच्या टेबलापाशी आली. "ताई, तुमचंच बरोबर निघालं. टेकडीवरच्या एका नळीत गोदामाकडचाच विषाणू आहे. चुकले मी. साहेबांना सांगून आले." उद्या सकाळी फवारणीची अर्धी माणसं टेकडीवर जाणार होती.

संध्याकाळी घरी धाकटीने हेच सासूबाईंना सांगितलं, वर पुस्ती जोडली की यंत्रापेक्षा ताईंचा अनुभव मोठा. सासूबाईंनी त्या दिवशी पहिला कप थोरलीपुढे ठेवला. कितीतरी महिन्यांनी. तो कप तिने तसाच गार होऊ दिला. आपण खोटेपणा करून जिंकलो याची लाज होतीच, पण त्याहून जास्त जळफळाट झाला तो धाकटीने किती सहज हार मानली याचा. आपल्याला हे कधी जमलं असतं का?

सकाळी ऑफिसला जाताना ती गोदामाकडच्या गल्लीतून गेली. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरातूनच तिने सोळाव्या नळीतले डास पकडले होते. मशीन बंद होतं. बाई आपल्या दोन्ही मुलींच्या कपाळावर आळीपाळीने ओली पट्टी ठेवत होती. तिने विचारलं, "फवारणीवाले आज येणार ना, ताई?" थोरली भराभर चालत सुटली.

ऑफिसच्या आवारात गाडीत फवारणीची यंत्रं चढत होती. साहेब कागदावर सही करत होते, धाकटी शेजारी उभी होती. थोरली म्हणाली, "सोळाव्या नळीतले डास टेकडीवरचे नाहीत. गोदामाकडचे आहेत. चिठ्ठी मी मुद्दाम खोटी लावली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. धाकटीने फक्त एवढंच विचारलं, "आणि बाकीच्या पंधरा?"

"खऱ्या आहेत."

धाकटीने मान हलवली. पण त्या पंधराही नळ्यांचे निकाल तिने बाजूला सारले, आणि सगळं काम पहिल्यापासून करायचं ठरवलं. साहेबांनी चार शब्द सुनावले, लेखी ताकीद दिली. ते थोरलीला लागलं नाही; त्या पंधरा नळ्यांचं लागलं. बावीस वर्षांत तिच्या चिठ्ठीवर कोणी शंका घेतली नव्हती.

गाडी गोदामाकडेच गेली. दोघी जावा टेकडीवर जाऊन पुन्हा डास पकडून आल्या. टेकडीवरचा विषाणू वेगळाच निघाला. धाकटीचंच पहिलं म्हणणं खरं होतं. महिन्याभरात गोदामाकडचा ताप ओसरला. शिवणवालीच्या मुली शाळेत जाऊ लागल्याचं थोरलीनेच मला सांगितलं, आणि ते सांगताना पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसला.

घरी धाकटीने यातलं अवाक्षर काढलं नाही. सासूबाई अजून पहिला कप थोरलीपुढेच ठेवतात. "तेवढं तरी सांगून टाकायचं होतं तिने," थोरली धुमसत म्हणाली. "आता तो कप रोज प्यावा लागतो."

ताकिदीत एक अट आहे. सहा महिने तिची प्रत्येक नळी दुसऱ्या माणसासमोर भरायची आणि त्याने चिठ्ठीवर सही करायची. हे काम धाकटीने आपणहून मागून घेतलं. रोज ऑफिस सुटायच्या वेळी ती थोरलीशेजारी स्टूल ओढून बसते. थोरली पंचवीस डास मुद्दाम सावकाश मोजते, एकेकाचे पाय भिंगाखाली दोनदा बघते. धाकटी शांतपणे बसून राहते.

"निदान एकदा तरी तिने घड्याळाकडे बघायला हवं होतं की नाही, बाई?" थोरली परवा मला विचारत होती.