सिटा भरेपर्यंतचं इटालियन

बोर्लीच्या नाक्यावर भागोजीची सहा आसनी रिक्षा उभी असली की ती कधी सुटणार, हे भागोजीला विचारून उपयोग नसतो. सिटा भरल्या की सुटते. मागं समोरासमोर सहाजण, पुढं भागोजीच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि कुणाची नारळाची गोण असली तर ती सगळ्यांच्या पायात. एवढं झालं की मगच तो किल्ली फिरवतो. बोर्ली-दिवेआगर, दिवेआगर-बोर्ली यातच त्याचे केस पांढरे झाले. लग्नाला निघालेला असो की दवाखान्यात निघालेला, सगळ्यांची तो सारखीच खोटी करतो. म्हणून त्याचा राग कुणाला येत नाही.

सिटा भरेपर्यंतचा वेळ पूर्वी तंबाखूत जायचा. यंदा पावसाळ्यापासून तो इटालियनमध्ये जायला लागला.

त्याचं असं झालं. भागोजीचा मुलगा प्रणय पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर भटारखान्यात लागला होता. कांदे सोलता सोलता इटलीला पोचला, जेनोवा नावाच्या बंदरात उतरला, तिथंच एका हॉटेलात आचारी झाला आणि मार्तीना नावाच्या मुलीशी लग्न करून राहिला. त्यांची पोरगी नोएमी, पाच वर्षांची. दर रविवारी ती फोनवर दिसायची. "चाव, नोन्नो!" म्हणायची, म्हणजे राम राम आजोबा, आणि मग आजोबाकडं पाठ करून बापाशी भडाभडा बोलत सुटायची.

"काय म्हनते रे?" भागोजी विचारायचा.

"काय नाय बाबा, असंच."

"एवढी बोलली आनि असंच?"

"खेळण्याचं बोलते."

भागोजीला ते पटायचं नाही. पोरगी एवढे हातवारे करून काहीतरी सांगते आणि मधला माणूस एका शब्दात गुंडाळून देतो. आपल्या गाडीत बसून आपल्यालाच रस्ता सांगणाऱ्यासारखं ते त्याला वाटायचं. त्यातच नाताळच्या सुट्टीत तिघं गावाला यायचं ठरलं. नोएमीची गावची ही पहिलीच खेप. भागोजीनं गाडीतल्या नेहमीच्या सिटेला, दवाखान्याच्या आशाताई नूतनला गाठलं.

"नूतन, ह्या फोनात ती इटलीची बोली मिळंल काय गं?"

नूतननं शोधून दिलं. हिंदी बोलणारी एक बाई होती. छोटे छोटे धडे, एकेक पाचएक मिनिटांचा. बाई इटालियनमधलं एक वाक्य म्हणायची, हिंदीत अर्थ सांगायची आणि "अब आप बोलिए" म्हणून गप्प राहायची. भागोजीला ही गप्प राहण्याची रीत फार आवडली. त्याच्या घरात एवढा वेळ त्याच्यासाठी कुणी गप्प राहिलेलं नव्हतं.

धडे मात्र त्याला चक्रावून टाकायला लागले. पहिल्या धड्यात दोन माणसं भेटली. एकानं विचारलं, कसा आहेस? दुसरा म्हणाला, बरा आहे, तू कसा आहेस? तो म्हणाला, मीपण बरा आहे. आणि दोघं आपापल्या वाटेनं गेली.

"झालं?" भागोजीनं फोन हलवून बघितला. "संपलं काय?"

शेजारी त्याचा गाडीवाला दोस्त चंदर उभा होता. "संपलं की. भेटले, बरे हायत, गेले."

"पन गेला कुठं तो? कुनाचा कोन? घरी ये, पानी पिऊन जा, काय न्हाय? आनि समोर धडधाकट उभा दिसतोय, त्याला कसा हायस म्हनून काय इचारायचं?"

"इटलीत नजर कमी आसंल लोकांची."

दुसऱ्या धड्यात कॉफी मागायची होती. तिसऱ्यात बिल. मग स्टेशन कुठं आहे ते विचारायचं. भागोजी इमानानं सगळं म्हणायचा. "ऊन काफ्फे, पेर फावोरे." "दोवे ए ला स्तात्सिओने?" मागच्या सिटाही आता म्हणायला लागल्या होत्या. कोळंबी विकून परत चाललेली विनिता तर स्टेशनवालं वाक्य भागोजीपेक्षा झ्याक म्हणायची.

"पन भागोजी भावजी," ती म्हणायची, "नात तुमची स्टेशन इचारील तं काय दाखवाल तिला? माणगाव?"

भागोजीला तोच घोर लागला होता. त्याला हवं होतं ते धड्यात कुठंच नव्हतं. विहिरीकडं जाऊ नको, तो कुत्रा आपला नाही, माशाचा काटा काढून देऊ काय, भूक लागली काय. बाई नुसती हॉटेलातनं स्टेशनात आणि स्टेशनातनं हॉटेलात फिरत होती. तिला घर होतं की नाही, अशी भागोजीला शंका यायला लागली.

मग एकदाचा नातेवाईकांचा धडा आला आणि त्यात त्याला हवा तो शब्द सापडला. मम्मा. म्हणजे आई.

आमच्याकडं घरातली म्हातारी गेली आणि पाठोपाठ पोरगी जन्मली, तर आय परत आली म्हणतात. नाव काही ठेवा, तिला हाक मारायची ती आये म्हणूनच. तिला रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच. भागोजीची आई वारली आणि वर्षाच्या आत नोएमी झाली. पोरगी जेनोवाला जन्मली म्हणून काय झालं, आयेनं वाट शोधली असणार. तेव्हापासून भागोजी तिच्याबद्दल बोलताना 'आमची आय' असंच बोलायचा. आता हाक मारायला शब्द मिळाला. पुढच्या धड्यात 'व्येनी क्वी' आलं, म्हणजे इकडं ये. भागोजीनं दोन्ही जोडून घेतलं आणि नाक्यावर सिटा भरेपर्यंत घोकत बसला. "मम्मा, व्येनी क्वी. मम्मा, व्येनी क्वी." चंदर म्हणाला, आता हा इटलीत कुठंपण खपतोय.

तिघं आली. म्हसळ्याच्या वळणांवर पोरगी ओकून ओकून पिवळी पडली होती. अंगणात उतरली ती आईच्या पायांमागं लपली. भागोजीचं गाडीतलं सगळं इटालियन घरात पाऊल टाकताच पळालं. सुनेसमोर त्याला लाज वाटायची. कुठलं वाक्य कुठं लावायचं तेच कळेना. मार्तीना पाणी घेऊन आली तेव्हा 'बरा आहे' म्हणायचं की 'बिल द्या' म्हणायचं, या घोटाळ्यात तो नुसता "चाव" म्हणाला आणि गोठ्याकडं गेला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर प्रणय बाहेर ओट्यावर आला.

"बाबा, उद्या माझ्या दोस्ताचं, निकेतचं लग्न हाय माणगावला. नोएमीला पुन्हा त्या वळणांवरनं न्यायला मार्तीना तयार नाय. हिला तुमच्यापाशी ठेवतो दिवसभर."

"ठेव की."

"तसं नाय. मार्तीना म्हणते, पोरगी हितं कुनाशी बोलत नाय, बावचळलीय. उद्याचा दिवस तुमच्याजवळ राहिली तर ठीक. नायतर परवापास्नं समुद्राकडच्या हॉटेलात जाऊ. तिथं तिला खेळायला पोरं मिळतील. तुमाला भेटायला येत जाऊ."

"भेटायला?" भागोजी म्हणाला. पोराच्या येण्यासाठी वादळात उडालेल्या पत्र्यांच्या जागी त्यानं नवे पत्रे घातले होते, न्हाणीत फरशी बसवली होती. ते सगळं हॉटेलात राहून कसं बघणार, हे त्याला कळेना.

सकाळी प्रणय-मार्तीना मोटरसायकलवरनं गेली. नोएमी पायरीवर बसून राहिली. भागोजीनं त्या दिवशी गाडी काढली नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून त्यानं घसा साफ केला.

"मम्मा! व्येनी क्वी, मम्मा!"

पोरगी टुणकन उठली. डोळे असे लकाकले की भागोजीला वाटलं, जिंकलं आपण. पण ती त्याच्याकडं न येता धावत फाटकाकडं गेली आणि रस्त्यावर वाकून बघायला लागली. भागोजीही मागोमाग गेला. तिला काय दिसलं म्हणून त्यानंही रस्त्यावर बघितलं. रस्ता रिकामा.

"काय गं, काय हाय?"

पोरगी मागं फिरली. हळूहळू परत येऊन पायरीवर बसली.

भागोजीला वाटलं, निदान उठली तरी. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हाक मारली. पुन्हा ती उठली, पुन्हा फाटकाकडं, पुन्हा हा मागनं, पुन्हा दोघांनी रस्ता बघितला. सुपाऱ्या निवडत बसलेली रंगू, त्याची बायको, दारातनं हे बघत होती.

"काय चाललंय तुमचं? रस्ता मोजताय काय?"

"हाक मारली की पळते ती. खेळ हाय तिचा."

"हसत न्हाय ती. खेळ कसला?"

ते खरं होतं. तिसऱ्या वेळी पोरगी फाटकापाशीच उभी राहिली आणि तिचा खालचा ओठ पुढं आला. रंगूनं घावन आणि गूळ आणला. पोरीनं घावन खाल्लं, पण फाटकाकडं तोंड करून. दुपार झाली. भागोजीनं कुत्रा दाखवला, नारळाच्या झावळीचं भिरभिरं करून दिलं, आणि प्रत्येक वेळी मायेनं "मम्मा" म्हणत राहिला. जितक्या मायेनं म्हणावं तितकी पोरगी बिथरायची. शेवटी ती भोकाड पसरून रडायला लागली.

भागोजीची बुद्धीच चालेना. जे होतं ते सगळं त्यानं काढलं. बरी आहेस काय, विचारलं. कॉफी मागितली. स्टेशन कुठं आहे, विचारलं. पोरगी क्षणभर थांबून त्याच्याकडं तोंड उघडं टाकून बघायची आणि दुप्पट जोरानं रडायची.

"फोन लावा प्रणयला," रंगू म्हणाली.

"फोन लावला की ती आल्या पावली हॉटेलात जातील."

"मंग रडू दे काय तिला?"

भागोजी पायरीवर मटकन बसला. उन्हात धावून धावून त्याला घाम फुटला होता. खांद्यावरच्या टॉवेलात त्यानं तोंड खुपसलं आणि आतनंच म्हणाला, "मम्मा... मम्मा गं... काय करू मी आता?"

रडणं थांबलं.

भागोजीनं टॉवेल बाजूला केला. पोरगी त्याच्या समोर उभी होती. त्याचं तोंड वाकून वाकून बघत होती. मग तिनं आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि काहीतरी बोलली. लांबलचक. त्यात एक मम्मा आणि एक नोन्नो तेवढा त्याला कळला. ती आत गेली, आपल्या पिशवीतलं बिस्कीट आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं खाल्लं नाही तेव्हा त्याच्या तोंडाला लावलं.

"हे काय आता?" भागोजीनं रंगूला विचारलं.

"मला काय ठावं? खावा."

तिथनं पुढं पोरगी त्याला सोडेना. त्याचं बोट धरून फाटकाकडं न्यायची, रस्ता दाखवायची, मान हलवायची, परत आणून पायरीवर बसवायची, पाठीवर थोपटायची. ती नेईल तिकडं भागोजी जात होता. काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. पण पोरगी रडत नव्हती, एवढ्यावर त्यानं भागवलं.

उन्हं उतरताना मोटरसायकल आली. नोएमी धावत आईकडं गेली आणि बोलायलाच लागली. फाटकाकडं हात, भागोजीकडं हात, डोळे पुसल्याचा आविर्भाव. मार्तीनाचा चेहरा आधी घाबरला, मग तिनं भागोजीकडं बघितलं, मग ओठ दाताखाली धरले. भागोजीला वाटलं, संपलं. पत्रे गेले, फरशी गेली.

"काय म्हनते रे?" त्यानं प्रणयला विचारलं. "आनि असंच म्हनू नको."

"बाबा, तुम्ही दिवसभर मम्मा मम्मा करत होता?"

"मंग? आयेला आये न्हाय म्हनायचं तं काय म्हनायचं?"

प्रणय हेल्मेट हातात घेऊन तसाच पायरीवर बसला. हसू आवरेना. "अहो, तिकडं मम्मा म्हणजे मम्माच. पोरीला कुनी आय म्हणत नाय. आधी तिला वाटलं, मार्तीना आली म्हणून तुम्ही हाक मारता. मग तिला वाटलं, तुमचीच आय हरवलीय. नोन्नो सकाळपासून हाका मारतो, रस्त्यावर जाऊन बघतो, आय येतच नाय. शेवटी रडलापण, म्हणते."

"मी रडलो? घाम पुसला मी!"

"ते तुम्ही सांगा तिला. ती म्हणते, आपण हॉटेलात जायचं नाय. नोन्नो एकटा पडंल. त्याची मम्मा येईपर्यंत हितंच राहायचं."

मार्तीना पुढं आली, भागोजीच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाली आणि आत जाऊन तिनं बांधून ठेवलेली बॅग सोडली. प्रणयनं खोली नको म्हणून हॉटेलाला फोन लावला.

भागोजी विचार करत राहिला. "अरे, पन आय तं कवाच गेली."

"ते तिला सांगू नका. रविवारी आमचं विमान हाय, तवर तरी नाय."

"नि तवर काय," रंगू आतनं ओरडली, "रोज माझी सासू हुडकायची काय रस्त्यावर?"

नोएमीनं भागोजीचं बोट धरलं आणि पुन्हा फाटकाकडं ओढलं. भागोजी गेला. पोरगी बोर्लीच्या बाजूला बघायला लागली, म्हणून तो समुद्राच्या बाजूला बघत उभा राहिला.