सहलीतला शेवटचा अर्धा तास

सहलीच्या दिवशी राहीबाई अंथरुणातून उठली तीच कंबर धरून. पंचवीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, एवढं बांधून होईस्तोवर संगमनेरात उजाडलं. सहल बाकीच्यांची होती, हिची नुसती जागा बदलणार होती.

बेत मास्तरांचा. रंगनाथमास्तर, म्हणजे तिचे यजमान, शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरीही. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर त्यांची बहीण मुक्ताबाई तीन पोरं घेऊन आली, तेव्हा त्यांनी भाड्याची जीप ठरवली आणि कागदावर वेळापत्रक आखलं. रंधा धबधबा, भंडारदऱ्याचं धरण, तिथून होडीनं रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ. अगदी तळाला, बारीक अक्षरात, ‘परतताना राहीचं माहेर, अर्धा तास.’ त्या एका ओळीसाठी तिनं पंचवीस दशम्या लाटल्या होत्या.

चार वर्षं ती माहेरी गेली नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं हिच्या हातून व्हायचं. माघात त्यांना उचलतानाच हिचं चार महिन्यांचं पोट पडलं, आणि तिसऱ्या दिवशी ही पुन्हा चुलीपुढं. वैशाखात सासूबाई गेल्या. बाराव्याला आलेल्या मुक्ताबाईला पोट पडल्याचं कळलं, शेजारणींना कळलं, कळलं नाही ते फक्त आईला. आईला, म्हणजे गोजरबाईला, वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचून दाखवायचा आणि अर्धी वाडी गोळा व्हायची. असलं दुःख पोस्टमनच्या तोंडून आईला कसं ऐकवायचं? ते आपल्याच तोंडानं सांगायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

रंध्याला सगळे कड्यापाशी गेले आणि राहीबाई टोपल्या राखत बसली. निसर्गाची शोभा म्हणतात ती तिनं चपलांच्या ढिगामागून पाहिली. मग पोरांचे भिजलेले सदरे पिळले. धरणावर जेवण वाढलं, भांडी विसळली. पलीकडं जायला होडी तासभर मिळाली नाही. देवळापुढं पोचल्यावर मास्तरांना रतनगड दिसला, आणि मग काय विचारता! कोळ्यांची बंडं, इंग्रजांच्या पलटणी, सगळं ओळीनं सुरू झालं. मास्तर एकदा गडावर चढले की लवकर उतरत नसत, पायथ्याशी उभे राहूनसुद्धा.

“अहो, उशीर होतोय,” राहीबाई म्हणाली.

“दोनच मिनिटं.” त्या दोन मिनिटांत आणखी एक पलटण गारद झाली.

परत जीपपाशी आले तेव्हा उन्हं कलली होती. ड्रायव्हर मच्छिंद्र कातावला होता. “मास्तर, गाडीचा एकच दिवा जळतोय. अंधार पडायच्या आत घाट उतराय पायजे.”

राजूर मागं पडलं आणि माहेरची वाडी आली. अर्धा तास आता पंधरा मिनिटांवर आला होता. गोजरबाई ओट्यावर बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं.

“कोन? राही?”

राहीबाई सवयीनं सरळ चुलीकडं वळली. आईनं तिचं मनगट धरलं. “हो बाजूला. आज तू पाव्हनी हायेस. चा मी टाकते, मंग बसते तुज्यापाशी.”

राहीबाई गोधडीवर भिंतीला टेकून बसली. बाहेर मुक्ताबाई बोलत होती, चुलीवर गुळाचं पाणी उकळत होतं. ‘आई, माघात...’ तिनं पहिलं वाक्य मनात जुळवलं.

त्यानंतर तिला ऐकू आला तो जीपचा हॉर्न. डोकं आईच्या मांडीवर होतं. चहाच्या रिकाम्या कपबशा ओट्यावर होत्या आणि मास्तर दारात घड्याळ बघत उभे होते.

“चल, निघायला हवं,” म्हणून ते पुढं झाले.

गोजरबाईनं चाचपडत तांदूळ आणले. ओटी भरताना तिचा हात मध्येच थांबला. “चार म्हैन्याचं हुतं म्हनं.”

“कुनी सांगितलं?”

“तुज्या ननंदंनं. चा पिता पिता.”

मुक्ताबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, आपुलकीनंच बोलली असेल. पण राहीबाईला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त आपल्या झोपेचा. एवढी वर्षं सगळं दुसऱ्यांचं केलं. आपलं म्हणून एवढं एक सांगायचं होतं, तेही परस्पर सांगून झालं.

“मंग मला उठवलं का न्हाईस?” तिला रडू आवरेना.

“दोनदा हात लावला तुला,” गोजरबाई म्हणाली. “पर झोपंत तू माजा गुडघा थोपटत हुतीस. पोराला थोपटत्यात तसा. कशी उठवू?”

हॉर्न पुन्हा वाजला. राहीबाईनं तांदूळ पदरात बांधले आणि जीपच्या मागच्या बाकावर, टोपल्यांपाशी जाऊन बसली.