येडाईच्या वाटेवर जोडलेले हात

हे लिहायला बसलो तरी अजून लाज वाटते. जन्मभर मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. संध्याकाळी तालमीत पोरांना सांगायचो, समोर कुणीही असो, मागं सरायचं नाही. आणि तोच मी, भूमहून येरमाळ्याला येडाई देवीच्या दर्शनाला निघालेलो असताना, रस्त्यात दोन पोरट्यांपुढं हात जोडले. तेही पोटच्या लेकीदेखत.

माझी साखर वाढल्यापासून सुनंदा, माझी थोरली लेक, मला सायकलवर बाहेर काढते. ती दवाखान्यात नर्स आहे. सुट्टी मिळाली की आम्ही बापलेक कुठंतरी जाऊन येतो. त्या मंगळवारी सकाळी येडाईला निघालो, तेव्हा मोबाईल मी हँडलवरच्या स्टँडला लावला होता, किती किलोमीटर झाले ते दिसावं म्हणून. "अण्णा, पुढं रस्ता सुना आहे. फोन पिशवीत टाका," सुनंदा म्हणाली. मी हसलो. "मला कोण हात लावतंय?" म्हणालो आणि पुढं निघालो.

चढाला मागून एक मोटरसायकल आली. मागं बसलेल्यानं जाता जाता माझ्या फोनला हिसका दिला. फोन काही निघाला नाही, मी मात्र सायकलीसकट आडवा झालो. उठेपर्यंत ते दोघं खाली उतरले होते. एकाच्या हातात ऊस तोडायचा कोयता. तोंडाला रुमाल होते, पण डोळे कोवळे. शाळेतनं नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसारखे. असल्या एखाद्याला आपण एका हातानं लोळवू, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण कोयता सुनंदाकडं वळला. माझे हात आपोआप जोडले गेले. "घे बाबा, सगळं घे. तिला काही करू नको," मी म्हणालो. आवाज रडल्यासारखा निघाला. फोन मीच काढून दिला, पाकीट दिलं. तरी दुसऱ्यानं सुनंदाच्या गळ्यातल्या साखळीला हात घातलाच. मी डोळे मिटले. येडाई आई, आता तूच बघ, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात वळणावरून मेंढरं आली, सगळा रस्ता भरून. सोबत भुंकणारी कुत्री, आणि मागं खांद्यावर काठी टाकलेली एक म्हातारी धनगरीण. "कोण हाय रं तिथं?" तिनं लांबूनच हाक टाकली. पोरांना पुढं वाटच उरली नाही. साखळी तशीच सोडून त्यांनी गाडी फिरवली आणि दोघं आल्या बाजूनं पसार झाले.

म्हातारीनं जवळचं पाणी दिलं. सुनंदानं माझं फुटलेलं कोपर धुतलं. "आमी रोज पल्याडच्या माळाला असतो," म्हातारी सांगत होती. "आज मेंढरं ऐकंनातच. शिव्या घालत मी त्यांच्या मागं आले बघा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "फोन गेला व्हय? जाऊ द्या. लेक हाय नव्हं संगं? मग उठा की, भाऊ."

पुढं पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना साहेबांनी विचारलं, किती जण होते? "चौघं," मी म्हणालो. "तलवारी होत्या. एकाला मी आडवा केला, पण..." हे तोंडातून कसं निघालं, मलाच कळलं नाही. सुनंदा हळूच म्हणाली, "दोघं होते, साहेब. एक कोयता होता. अण्णांनी हात जोडले." साहेबांनी मान हलवली, आधीचं खोडलं आणि पुढं लिहू लागले. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. कोयत्यापुढं वाकल्याची लाज होतीच, त्यात आता लेकीनं बापाचं खोटं दुरुस्त केलं होतं.

देवळाच्या पायऱ्या चढताना मी मान वर केली नाही. दर्शनाच्या रांगेत सुनंदाच बोलली. "अण्णा, मला त्या पोरांची भीती वाटत होती. पण तुम्ही अंगावर जाल, याची जास्त वाटत होती. फोनपायी अंगावर गेलेली माणसं दवाखान्यात आणतात, तेव्हा पट्ट्या आम्हीच बांधतो. सगळी वाचत नाहीत." एवढं बोलून तिनं माझा हात धरला. आईसमोर गेल्यावर मला काहीच मागता आलं नाही. नुसतं रडू आलं.

मेंढरं आपसूक वळली की कुणी वळवली, ते मला ठरवता येत नाही, ठरवायचंही नाही. फोन काही सापडला नाही. आता आम्ही वर्दळीच्या रस्त्यानंच जातो, घरी सांगून निघतो, आणि फोन कपड्यांच्या खाली, बॅगेच्या तळाशी असतो. देवळात मी हजारदा हात जोडले असतील. पण माझ्या ताकदीचा सगळा भरवसा सुटून ते जोडले गेले, ते त्या चढावर. तालमीतली पोरं विचारतात, तेव्हा जसं झालं तसं सांगतो. काही जण तोंड फिरवून हसतात आणि माझे कान तापतात. तापू देत. माझी लेक सुखरूप घरी आली. आई, आता तुझ्याकडं आणखी काय मागू?