लागणीचं गाणं आणि माझी जाऊ

"वहिनी, लता गेली," धाकटे दीर फोनवर एवढंच म्हणाले. न्हावरे गावी, आमच्या गोठ्यात मी गाईची धार काढत होते...

महिना झाला. दुःख आहेच, पण खरं सांगते, मला लताचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. ती माझी धाकटी जाऊ, दौंडकडच्या शाळेत मास्तरीण. मी अक्षरं शिकले ती पोरांच्या पुस्तकांतून, चुलीपुढं. पाहुणे आले की तिला खुर्ची आन् मला चहाचं पातेलं! माझं एकच उजवं होतं, गळा. कांद्याच्या लागणीला गाणं मीच लावायचे, बायका मागून धरायच्या. सुट्टीला लताही पदर खोचून वाफ्यात उतरायची.

मग त्या सरकारी परीक्षा आल्या. साऱ्या शाळांना एकच पेपर, उत्तराचे गोल रंगवायचे. "आक्का, माझ्या तिसरीच्या वर्गातली एक पोरगी मनानं गोष्ट रचती, पर गोल चुकला की ढ ठरती," लता तणतणायची. मास्तरलोकांनी दौंडला शिक्षण कचेरीपुढं बसून गाण्यातून गाऱ्हाणं मांडायचं ठरवलं. ढोलकी, झांजा, सगळं. लतानं शब्द स्वतःचे घातले, चाल माझी उचलली. व्हिडिओ गावभर फिरला. "लताबाईंचं गाणं ऐकलं का?" लोक मलाच विचारायचे! अंगाची नुसती लाही व्हायची.

ती घरी आली. "आक्का, चाल तुमची हाय. पुढच्या बारीला गाणं तुम्ही लावा, मी मागून धरते."

"मी अडाणी बाई. तूच मिरव."

"रुसलात व्हय?" ती हसली. मी भांडी आपटत राहिले... तिनं पुन्हा दोनदा बोलावलं. मी गेले नाही.

तिच्या शाळेतल्या शोकसभेला मात्र गेले. मास्तरांनी तेच गाणं धरलं. दुसऱ्या ओळीनंतर सगळे एकदम थांबले, मग पुढं गेले. मी चरकले. चालीत तिथं थांबायचं काही कारणच नाही. वाफ्यात माझ्या हातातली रोपं तिथं संपतात, नवी मूठ घेईस्तोवर मी थांबते, एवढंच. शेजारच्या मास्तरणीला विचारलं, "इथं का थांबता हो?"

"लताबाईंनी तसंच बसवलंय. म्हणायच्या, इथं आमच्या आक्का रोप घेतात, त्यांना घेऊ द्यायचं."

परवा आमची लागण सुरू झाली. गाणं मीच लावलं. दुसऱ्या ओळीला थांबले, मूठ घेतली, आणि पुढची ओळ काही केल्या उचलेना. बायका वाट बघत राहिल्या... गाण्यातली तेवढीच जागा माझी एकटीची होती. तिथंही आता तीच आहे.