येऊ का?

माझी विनेट आत्या आमच्या साकुब्वा वस्तीतल्या दवाखान्याच्या वतीने घरोघर जाते, ज्यांना "विचार फार होतात" त्यांच्याकडे. आमच्यात या दुखण्याला हेच नाव. गोळ्याबिळ्या नाहीत, ती नुसती बसते आणि ऐकते. म्हणजे एरवी इतकी बडबडी की विचारू नका, पण तिथे गप्प!

माई तवोंगाच्या, म्हणजे तवोंगाच्या आईच्या, घरात माणसं दार तोडून घुसली होती. तिला खूप मारलं. तेव्हापासून ती आत कोंडून घेऊन. लहानगी तवोंगा नणंदेकडे. नणंद एस्नात सगळ्यांना सांगायची, "वेडी झालीय ती. गावी पाठवते तिला. पोरगी माझ्याकडेच राहील."

आणि आमच्याकडे कसंय, फाटकातून "येऊ का?" ओरडायचं, पण उत्तराला कोण थांबतंय! तोंड विचारतं तोवर पाय आत. एस्नात तशीच अंगणात शिरायची. मग आत माईच्या हातून भांडी पडायची, खाट दाराला लावल्याचा आवाज यायचा.

आत्या मात्र मला घेऊन फाटकाबाहेरच आंब्याखाली बसली. "माई, येऊ का?" दार बंदच. आत्या क्रोशा विणत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. बायका हसायच्या, "विनेट, झाडाला बांधलंय का गं तुला?"

"तुमच्या नवऱ्यांपेक्षा बरंय झाड. सावली तरी देतं!"

मग एकदा आतून आवाज आला. "नको."

आत्या म्हणाली, "बरं!" आणि उठून चालायला लागली. रस्त्यात मला मिठीच मारली तिने. "नको म्हणाली! आणि तिचं नको चाललं! किती दिवसांनी चाललं असेल!" तिचे डोळे भरलेले, माझेपण.

परवा आत्याचा घसा बसला होता. नुसतीच बसली. तर आतून, "आज विचारणार नाही का?"

"येऊ का?" आत्या घोगऱ्या आवाजात.

"या. पण दार उघडंच ठेवा."

माईने आत्याला आत घेतल्याचं ऐकून आज एस्नात आली, तवोंगाचा हात धरून. सवयीने फाटक ढकललं. आंब्याखालून आत्या नुसती बघत राहिली. एस्नातने पाय मागे घेतला. तिला थांबताच येत नव्हतं, सारखी चुळबुळ.

"वहिनी... येऊ का?"

मग माई तवोंगा दारात आली. स्वतः!

"आधी तवोंगाला पाठव," ती म्हणाली. "तू थांब जरा."

आणि एस्नात थांबली.